बंदूक, शाळा आणि आकडेवारी

(नातेपुते येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे. – संपादक)



संयोजकांनी मला दिलेला विषय ‘अमेरिकेतील शाळा आणि बंदुका’ असा आहे. नातेपुत्यात बसून अमेरिकेतल्या बंदुकांची चिंता कशाला वाहायची, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. या परिसरातून तिकडे गेलेल्या तरुणांची मुले आता तिकडच्या शाळांत जातात. शाळेत गोळीबार झाला तर दार लावून, दिवे मालवून, कोपऱ्यात निमूट कसे बसायचे याची तालीम तिथे पहिलीतल्या मुलांकडूनही करून घेतात. ते वर्णन नातवाच्या तोंडून दूरध्वनीवर ऐकणारे आजी-आजोबा आपल्याकडेही सापडतील. परंतु विषय स्वीकारण्याचे माझे कारण वेगळे आहे. शाळांच्या सुरक्षिततेसंबंधी मागणीपत्रकाचा जो मसुदा तुम्ही केला आहे, तो संयोजकांनी मला वाचायला दिला. त्यातली पहिली मागणी प्रत्येक शाळेत कॅमेरे बसवावेत ही आहे आणि दुसरी, मोठ्या शाळांच्या फाटकावर सशस्त्र रक्षक नेमावा ही. या दोन्ही मागण्या मला मान्य नाहीत. का मान्य नाहीत, ते अमेरिकेच्या अनुभवावरून चांगले समजते, म्हणून आधी तिकडे जाऊ.

अमेरिकेत नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुकांची संख्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हाच्या संस्थेने २०१७ साली सुमारे ३९ कोटी ३० लाख अशी अंदाजली. म्हणजे दर शंभर माणसांमागे एकशेवीस बंदुका. माणसांपेक्षा बंदुका अधिक असा तो देश आहे. भारतासंबंधी याच संस्थेचा अंदाज शंभरामागे पाच-सव्वापाच असा आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. वर्तमानपत्रांत अमेरिकेतील बंदुकीची बातमी येते ती शाळेत, बाजारात किंवा प्रार्थनास्थळात कोणी माथेफिरूने गोळ्या झाडल्या तेव्हा. प्रत्यक्षात बंदुकीच्या निम्म्याहून अधिक बळींनी ती स्वतःवरच चालवलेली असते, आणि बहुधा आपल्या घरातलीच.

१९९३ साली आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरात बंदूक असली तर त्या घरात खून होण्याचा संभव जवळजवळ पावणेतीन पटींनी वाढतो, असे त्यात दिसले. बंदूक घरात येते ती संरक्षणासाठी, आणि मारले जाते ते घरातलेच माणूस. या संशोधनाला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पैसा पुरवला होता. बंदूकवाल्यांची संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, खवळली. १९९६ साली काँग्रेसमन जे डिकी यांनी अंदाजपत्रकात एक कलम घातले. बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी केंद्राचा पैसा वापरता येणार नाही, एवढेच त्याचे शब्द होते. संशोधनाला बंदी असा शब्द त्यात नव्हता. परंतु त्याच अंदाजपत्रकात केंद्राच्या निधीतून २६ लाख डॉलर कापण्यात आले, आणि आदल्या वर्षी बंदुकीच्या इजांवरील संशोधनाला लागलेली रक्कम नेमकी तेवढीच होती. अधिकाऱ्यांना सूचना कळली. पुढे वीसहून अधिक वर्षे सरकारी पैशाने या विषयाचे मोठे संशोधन जवळजवळ झालेच नाही. डिकी यांना स्वतःला पुढे याचा पश्चात्ताप झाला. ज्या मार्क रोझेनबर्ग यांच्याशी त्यांचे हाडवैर होते, त्यांच्याबरोबरच त्यांनी २०१२ साली संयुक्त लेख लिहून संशोधन पुन्हा सुरू करा असे आवाहन केले. संशोधनासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर व्हायला २०१९ सालचा डिसेंबर उजाडला.

मी अर्थशास्त्र शिकवले, आणि अंदाजपत्रक कसे वाचावे हेही मुलांना सांगत आलो. तरीही सत्ता माणसाला गप्प करते तशी आकड्यांनाही गप्प करते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. हा खेळ तिथे संपलेलाही नाही. बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्यावरील संकट आहे, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी जून २०२४मध्ये जाहीर केले. सरकार बदलले आणि मार्च २०२५मध्ये ते निवेदन सरकारी संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आले.

सरकारी मोजणी थांबली की पोकळी राहत नाही. तिथे दुसरे आकडे येऊन बसतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या दोन अभ्यासकांनी दूरध्वनीवरून सुमारे पाच हजार लोकांची पाहणी केली आणि अमेरिकन नागरिक दरवर्षी पंचवीस लाख वेळा बंदुकीच्या साहाय्याने स्वतःचे रक्षण करतात असा निष्कर्ष काढला. बंदुकीच्या समर्थकांनी हा आकडा डोक्यावर घेतला, तो अजून खाली ठेवलेला नाही. आता त्यातील हिशेब पाहा. पाच हजारांपैकी ‘होय, गेल्या वर्षी मी बंदूक दाखवून बचाव केला’ असे म्हणणारे शेकडा एकाहून थोडे अधिक होते. त्या शेकडा एकाला देशातल्या वीस कोटी प्रौढांनी गुणले की पंचवीस लाख होतात. दर शंभरातल्या एकाने जरी बढाई मारली, किंवा तीन वर्षांपूर्वीची गोष्ट गेल्या वर्षीची म्हणून सांगितली, तरी वीस लाख खोटे प्रसंग जन्माला येतात. आपल्या गावात शंभर माणसांना ‘तुम्ही वाघ पाहिला आहे का’ असे विचारले, तर एखादा तरी होय म्हणेलच. त्यावरून माळशिरस तालुक्यात इतके हजार लोकांना वाघ दिसतो असे कोणी म्हणाले तर आपण हसू. हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवे यांनी १९९७ साली हीच चूक दाखवून दिली. सरकारच्या गुन्हेबळी पाहणीत, जिथे आधी तुमच्यावर गुन्हा घडला का असे विचारतात, हाच आकडा वर्षाला एक लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येतो. पंचवीस लाख कुठे आणि एक लाख कुठे!

जॉन लॉट या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ साली ‘जितक्या बंदुका अधिक तितके गुन्हे कमी’ असा सिद्धान्त मांडणारे पुस्तक लिहिले. तो माझ्याच विषयाचा माणूस, म्हणून त्याचा उल्लेख टाळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ साली सर्व पुरावा तपासला आणि असा निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले. पुस्तकाचा खप त्यामुळे काही थांबला नाही.

हे झाले विरोधी बाजूचे. पण आज मी इथे आलो तो मुख्यतः आपल्या बाजूविषयी बोलण्यासाठी.

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलँड येथील शाळेत सतराजण मारले गेले. बंदूक-नियंत्रणासाठी झटणाऱ्या एका संघटनेने त्याच दिवशी सांगितले की, या वर्षातला हा शाळेतला अठरावा गोळीबार आहे. पंचेचाळीस दिवसांत अठरा! जगभर तो आकडा गेला. पत्रकारांनी यादी तपासली तेव्हा काय निघाले? एका बंद पडलेल्या शाळेच्या आवारात गाडीत बसून एका प्रौढाने केलेली आत्महत्या त्यात होती. शाळेत आलेल्या पोलिसाच्या कमरेच्या पिस्तुलाचा चाप एका लहान मुलाने ओढला, कोणाला काही झाले नाही, तेही होते. यांतली प्रत्येक घटना वाईटच. परंतु ‘शाळेतील गोळीबार’ हे शब्द ऐकून माणसाच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते यांत नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा अहवाल आला. २०१५-१६ या वर्षात जवळजवळ २४० शाळांत गोळीबाराची घटना घडली, असे त्यात म्हटले होते. तेथील सार्वजनिक नभोवाणीच्या वार्ताहरांनी एकेका शाळेला दूरध्वनी केला. खातरजमा होऊ शकली ती अवघ्या अकरा घटनांची. कोणी अर्जाचा रकाना चुकवला होता, कोणी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत लिहिले होते. ज्यांनी शाळाशाळांतून सरकारी माहितीची पत्रके भरली आहेत, त्यांना हे नवे वाटू नये.

कोणी म्हणेल, उद्देश चांगला आहे, मग आकडा थोडा वाढला तर बिघडले काय? बिघडते असे की, अठराची यादी फुटली त्या दिवसापासून बंदूक-समर्थकांना सतरा प्रेतांविषयी बोलावेच लागले नाही. ते यादीविषयी बोलू लागले. आणि आकडा वाढवण्याची गरजही नव्हती. अमेरिकेत मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण आता मोटार-अपघात नसून बंदूक आहे, हे विधान तुम्ही ऐकले असेल. विरोधकांचा आक्षेप असा की, त्यात अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण धरले आहेत, ती काही मुले नव्हेत. आक्षेप योग्य आहे, तो मान्य करून मोजू. केवळ एक ते सतरा या वयाची मुले घेतली तरी २०२२ साली बंदुकीने २,५२६ मुले गेली, दिवसाला सुमारे सात, आणि बंदूक पहिल्या क्रमांकावरच राहिली. विरोधकाने मागितलेल्या सर्व सवलती देऊनही जो आकडा उभा राहतो, तो घेऊन जावे.

आपल्या चळवळीला याचा वारसा आहे. ऑगस्ट १९६३मध्ये डॉ. लोहिया लोकसभेत नव्याने आले होते. पंतप्रधानांवर दिवसाला पंचवीस हजार रुपये खर्च होतात आणि देशातली सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे ते म्हणाले. पंडित नेहरूंनी पंधरा आणे सांगितले. नियोजनमंत्री नंदा साडेसात आण्यांवर आले. लोहियांचा मुद्दा असा होता की, पंधरा आणे ही सरासरी आहे. तीत टाटा-बिर्लांचे उत्पन्न आणि भूमिहीन मजुराचे उत्पन्न एकत्र कालवलेले आहे. मला खालच्या साठ टक्क्यांचे वेगळे सांगा. सरकारचेच आकडे घेऊन ते सरकारशी लढले. तीन आणे की साडेसात, यावर अर्थशास्त्रज्ञ आजही वाद घालतील. परंतु कोणाची मोजणी, कोणात मिसळून, हा प्रश्न त्या दिवसापासून संसदेला टाळता आला नाही. आपल्याला उचलायचा आहे तो हा प्रश्न.

तो अमेरिकेच्या शाळांना लावून पाहू. शाळकरी वयाच्या मुलांचे जे खून होतात त्यांतले किती शाळेत होतात? तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या मोजणीप्रमाणे शंभरातले तीनसुद्धा नाहीत. उरलेले सत्त्याण्णवाहून अधिक घरी, गल्लीत, रस्त्यावर. अमेरिकन मुलाला शाळा ही त्याच्या घरापेक्षा आणि मोहल्ल्यापेक्षा सुरक्षित जागा आहे. आणि ज्या विद्यार्थ्यांनी शाळेत बंदुका चालवल्या त्यांना त्या मिळाल्या कुठून? तेथील गुप्तसेवेने २०१९ साली केलेल्या अभ्यासात तीन-चतुर्थांश प्रकरणांत त्या आईबापांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून आल्या होत्या. म्हणजे शाळेतील हत्याकांड थांबवण्याचे ठिकाण शाळेचे फाटक नव्हे, ते बापाचे कपाट आहे. ब्रिटनमध्ये १३ मार्च १९९६ रोजी डनब्लेनच्या शाळेत सोळा बालके आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. पुढच्याच वर्षी तेथे खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली, आणि त्यानंतर तेथील शाळेत तसे हत्याकांड झाले नाही.

अमेरिकेने मात्र फाटक निवडले. शाळांसाठी कॅमेरे, धातुशोधक यंत्रे, गोळी न भेदणारी दारे यांचा बाजार २०२१ साली सुमारे तीन अब्ज डॉलरवर गेला होता. आणि त्यातून काय मिळाले? पार्कलँडच्या शाळेत सशस्त्र पोलीस अधिकारी नेमलेला होता, तो इमारतीबाहेरच राहिला. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथे एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्या दिवशी तेथे निरनिराळ्या दलांचे मिळून ३७६ सशस्त्र पोलीस जमले होते. वर्गात शिरायला त्यांना सत्त्याहत्तर मिनिटे लागली. बाहेर आईबाप आक्रोश करीत होते, त्यांना आवरायला मात्र पोलीस पुरेसे होते.

दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. २०१९ साली अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने शिक्षण खात्याचीच आकडेवारी मांडून दाखवले की, एक कोटी चाळीस लाख विद्यार्थी अशा शाळांत आहेत जिथे पोलीस आहे, परंतु समुपदेशक, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक यांपैकी एकही नाही. बंदुकीच्या बळींत आत्महत्या निम्म्याहून अधिक, हा आकडा मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितला होता. जो पोरगा महिनाभर कोणाशी बोलत नाही, त्याच्याकडे पाहणारे माणूस शाळेत नाही आणि त्याची झडती घेणारा आहे.

साथींनो, आता आपल्याकडे येऊ. बंदूक आपल्याला अगदीच परकी आहे असे समजू नका. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना आणि फेब्रुवारी २०१५मध्ये कोल्हापुरात साथी गोविंद पानसरे यांना गोळ्या घालण्यात आल्या. हे आपल्यापैकी कोणाला सांगावे लागत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. परंतु त्यानिमित्ताने बाहेर आले की, त्या एका जिल्ह्यात तेव्हा शस्त्रपरवाने बाराशेहून अधिक होते, आणि मिरवणुकीत, वाढदिवशी हवेत बार उडवणारे वीर त्यांत कमी नाहीत. कमरेला पिस्तूल हे पुढारीपणाचे लक्षण होऊ लागले की अमेरिका फार दूर राहत नाही. तरीही आपल्या शाळांतील मुलांना आज धोका आहे तो बंदुकीचा नाही. कशाचा आहे, ते पाहू.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत शिशुवर्गातील दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. तुमचा मसुदा त्याच संतापातून आला आहे, हे मी जाणतो. गुन्हा नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळत बसावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वेरुळांवर उतरले तेव्हा सरकारला जाग आली. मग दुसऱ्याच दिवशी शासननिर्णय निघाला आणि त्यात कॅमेरे आले. आता प्रश्न विचारा: त्या शाळेत कॅमेरे नव्हते काय? होते. त्यांचे पंधरा दिवसांचे चित्रण सापडत नाही, असे तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले. तिथे नव्हती ती वेगळी गोष्ट. लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्यासाठी बाई नव्हती. जो पुरुष सफाई कामगार होता तो महिन्याच्या आरंभी कंत्राटाने आलेला होता. पुढे २३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला. पेढे वाटले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांवर ठपका आला, ही बातमी जानेवारी २०२५मध्ये आली तेव्हा पेढे वाटणारे कोणी दिसले नाही. त्याच्यावरचा खटला त्याच्याबरोबर संपला, आणि शाळेतल्या कोणाकोणाला काय काय ठाऊक होते हे आरोपीच्या तोंडून न्यायालयात निघण्याची वाटही बंद झाली. ज्याला आपण झटपट न्याय म्हणतो, त्याचा पहिला लाभ व्यवस्थेला होतो.

बाई का नव्हती, हा प्रश्न एका शाळेपुरता नाही. ११ डिसेंबर २०२० रोजी, कोरोनाच्या धामधुमीत, महाराष्ट्र सरकारने एक शासननिर्णय काढला. त्याची चर्चा शिक्षकांच्या संघटनांबाहेर फारशी झाली नाही. खाजगी अनुदानित शाळांतील शिपायांची, म्हणजे चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची, पदे रिक्त होतील तशी ती रद्द होणार, आणि त्यांच्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ मिळणार. ग्रामीण भागात हा भत्ता महिना पाच हजार रुपये ठरला. पाच हजारांत माणूस येतो तो दोन तास येतो, चार महिन्यांनी सोडून जातो, आणि त्याच्याविषयी कोणी चौकशी करीत नाही. आपल्या पिढीच्या शाळेतला शिपाई आठवा. तीस वर्षे तोच माणूस. कोणाचा बाप दारू पितो, कोणाची आई माहेरी गेली, कोणती मुलगी आज डबा न आणता आली, कोणता अनोळखी माणूस मधल्या सुट्टीत कुंपणापाशी घुटमळतो, हे सारे त्याला कळे. मुख्याध्यापकांआधी त्याला कळे. तो सुरक्षा-व्यवस्थेचा कर्मचारी म्हणवला जात नव्हता, एवढेच. ते पद सरकारने अंदाजपत्रकातून पुसले, आणि आता त्याच सरकारकडे आपण कॅमेरा मागत आहोत. कॅमेरा एकदा विकत घेतला की ठेकेदाराचे बिल निघते. त्याला निवृत्तिवेतन द्यावे लागत नाही, तो संघटना करीत नाही. सरकारला तो का आवडतो, हे सांगायला अर्थशास्त्राचा प्राध्यापक लागत नाही.

आता आपल्या मुलांच्या मृत्यूची मोजदाद. केंद्रीय रस्तेवाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत अठरा वर्षांखालील ९,५२८ मुले मेली, म्हणजे दिवसाला सव्वीस. त्याच वर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले. सर्व राज्यांत आपला क्रमांक पहिला. (यात महाविद्यालयीन विद्यार्थीही आहेत. मघाशी दुसऱ्यांना जो नियम लावला तो आपल्याला लावलाच पाहिजे.) आणि मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या नोंदींत शंभरांतली पंचाण्णवाहून अधिक प्रकरणे ओळखीच्या माणसाविरुद्ध असतात. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचा मास्तर, शाळेचा नोकर. फाटकावरचा बंदूकधारी ज्याला अडवणार तो अनोळखी माणूस उरलेल्या पाचांत आहे.

इमारतींचेही तसेच. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत आगीत ९४ मुले जळून मेली. त्या खटल्यात १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. त्यानंतर ऑगस्ट २०१७मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन मुले गेली. जुलै २०२५मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदीला सात गेली. गळक्या छताखाली कॅमेरा बसवला तर छत पडतानाचे चित्रण मिळेल.

आणि आपला रस्ता. माउलींच्या पालखीसाठी रुंद झालेला हा महामार्ग आपल्याला हवाच होता, आणि तो चांगला झाला. परंतु वाड्या-वस्त्यांवरची मुले तोच ओलांडून शाळेत येतात, आणि मोटारी आता ज्या वेगाने जातात तो वेग पोरांच्या अंदाजात बसत नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, कर्णा मोठ्याने लावलेला, अशा पहाटेपासून रस्त्यावर असतात. त्यांच्या बाजूने सायकलवर मुली असतात. अहिल्याबाई होळकर योजनेखाली मुलींना एसटीचा पास मोफत आहे. परंतु शाळा सुटण्याच्या वेळेला एसटी नसेल तर पास दप्तरात राहतो आणि मुलगी कोणाच्या तरी गाडीवर हात दाखवून बसते. शाळेच्या वेळेची एसटीची फेरी ही सुरक्षिततेची मागणी आहे, असे तुमच्या मसुद्यात मला कुठे दिसले नाही.

गेल्या पाच वर्षांत माळशिरस तालुक्यात शाळेला जाता-येता किती मुले मेली, किती जायबंदी झाली? इथे बसलेल्या कोणालाही सांगता येणार नाही. अमेरिकेत निदान कोणीतरी मोजणी बंद पाडली. आपल्याकडे ती सुरूच झाली नाही. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत अपघात आहे, परंतु मेलेला मुलगा शाळेच्या वाटेवर होता की नव्हता, हा रकाना तिथे नाही. शाळेच्या पटावर त्याचे नाव कमी होते आणि शेऱ्यात ‘मयत’ एवढाच शब्द पडतो.

म्हणून माझी सूचना अशी की, मसुद्यातील पहिल्या दोन मागण्या काढून टाकाव्यात, आणि संपूर्ण पत्रक दोन महिने थांबवावे. तेवढ्या अवधीत आपण मोजू. माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज सोलापूरच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे करावा: तालुक्यातील प्रत्येक अनुदानित शाळेत २०१९ साली चतुर्थ श्रेणीची किती पदे भरलेली होती, आज किती आहेत, आणि शिपाई भत्त्यावर कोण काम करते, त्यांत स्त्रिया किती. दुसरा अर्ज माळशिरसच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे: मार्च २०२२च्या शासननिर्णयाप्रमाणे ज्या सखी सावित्री समित्या व्हायला हव्या होत्या, त्या किती शाळांत झाल्या, आणि त्यांच्या सभांची इतिवृत्ते. तिसरा अर्ज शाळांच्या धोकादायक खोल्यांविषयी. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवस. उत्तर आले नाही तर अपील करावे. आपल्याला त्याची सवय आहे.

रस्त्यावरच्या मुलांची यादी मात्र कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. ती धर्मपुरी, मांडवे, फोंडशिरस, दहिगाव, मोरोची, सदाशिवनगर असे गावोगाव जाऊन, शाळेच्या पटावरून आणि घरी बसून, आपल्यालाच करावी लागेल. त्या घरी जाताना मदत मिळवून देण्याचे आश्वासन देऊ नका. नाव, वय, इयत्ता, तारीख, वेळ, वाहन कोणते, एवढेच लिहून आणा. दोन माणसांनी वेगवेगळे जाऊन एकच घटना दोनदा लिहिली तर ती एकदाच धरा. जिच्याविषयी खात्री नाही ती वेगळ्या कागदावर ठेवा, मुख्य यादीत घालू नका. यादी बारा नावांची झाली तर बाराच छापू.

वह्या मी बरोबर आणल्या आहेत, दर गावाला एक. सभेनंतर अध्यक्षांकडून घेऊन जाव्यात.